उस्तुखुद्दूस, लॅव्हेंडर आणि घोडेघुई

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या औषधी बागेसाठी मी लॅव्हेंडरची सहा रोपं आणली. तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा ही मंडळी बागेत आधीपासून होतीच. प्रत्येक रोपापुढे मुलांनी रंगवलेली पत्र्याची पाटी असते, वर मराठी नाव आणि खाली उर्दू. लॅव्हेंडरची पाटी मात्र मी स्वतः लिहिली. वर 'लॅव्हेंडर' आणि खाली मोठ्या अक्षरांत 'उस्तुखुद्दूस'. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी जरा जास्तच उत्साह येतो. मी मुलांना सांगितलं की हे काही इंग्रजांनी आणलेलं अत्तराचं झाड नाही. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये औषधांच्या यादीत याचं नाव आहे आणि आपल्या घराघरांतल्या आजी-नानींना ते ठाऊक आहे.

ऑगस्ट संपेपर्यंत सहापैकी पाच रोपं गेली. आधी खालची पानं काळी पडली, मग खोड मऊ झालं आणि एके दिवशी रोप हातात उपटून आलं. मेलेल्या रोपांपुढची पाटी काढायला गेलो तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पण हे तेच झाड आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "नर्सरीवाल्याने सांगितलं."

"त्याने उस्तुखुद्दूस म्हटलं होतं?"

नव्हतं म्हटलं. तो फक्त लॅव्हेंडर म्हणाला होता. पुढचा शब्द माझा होता.

हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते शोधताना मला हजार-अकराशे वर्षं मागे जावं लागलं आणि पुन्हा आमच्या जुन्नरच्या डोंगरावर यावं लागलं. ज्यांना घरी लॅव्हेंडर लावायचं आहे त्यांच्याही ते कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरातली गोष्ट. माझ्या अम्मीला बरीच वर्षं डोकेदुखी आहे. अब्बा होते तेव्हा ते पुण्याहून उस्तुखुद्दूसची पुडी आणत आणि अम्मी त्याचा जोशांदा करून घेई. युनानी हकीम या औषधाला लाडाने 'जारूब-ए-दिमाग' म्हणतात, म्हणजे मेंदूची झाडू. डोक्यात साचलेलं झाडून काढते म्हणून. अब्बांनंतर पुडी आणायचं काम माझ्याकडे आलं. बागेतल्या रोपांचं असं झाल्यावर मी घरातली पुडी कागदावर पसरली. आत तपकिरी, आखूड, जाड कणसं होती. वास जवळजवळ नव्हताच. एकाच्या वर एक खवले रचावेत तशी त्यांची ठेवण होती. जे एक रोप जगलं होतं त्याच्या सुकलेल्या फुलांशी ती मुळीच जुळेनात. मग एका स्नेह्यांकडे घेऊन गेलो. ते महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे लॅव्हेंडर नाही. ही प्रुनेला आहे. हिमालयाकडे उगवते. तुमच्या बाजारात उस्तुखुद्दूस म्हणून बरेचदा हीच मिळते."

प्रुनेला वल्गॅरिस विषारी नाही. तिचे स्वतःचे औषधी उपयोग सांगितलेले आहेत आणि ती पुदिन्याच्याच कुळातली आहे. पण उस्तुखुद्दूस म्हणून ग्रंथांत जे वर्णन आहे ते लॅव्हेंडुला स्टोकास या झाडाचं आहे. ते भूमध्य समुद्राच्या काठी उगवतं. अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो इतने बरस मैं क्या पीती रही?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अब्बांनी आणलेल्या पुड्यांत काय होतं हे आता कुणाला कळणार? पण नाव एक आणि वस्तू दुसरी, असं कधीपासून होत आलं आणि आपल्या आधीच्या लोकांनी त्यावर काय केलं, हे मात्र शोधता येत होतं.

उस्तुखुद्दूस हा शब्द ऐकायला अरबी वाटतो, पण तो ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या अनाझार्बस गावचा डायोस्कोरिडीस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने औषधी द्रव्यांवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात 'स्टोइखास' नावाच्या वनस्पतीची नोंद आहे. ती मार्सेलिया, म्हणजे आजच्या मार्सेयजवळच्या स्टोइखादेस बेटांवर उगवते आणि त्या बेटांवरूनच तिला नाव पडलं, असं तो सांगतो. ही बेटं आज फ्रान्समध्ये तुलाँ शहराजवळ येतात. म्हणजे आपल्या अम्मी-नानींच्या तोंडी असलेला शब्द मुळात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या चार बेटांचं नाव आहे.

स्टोइखासला विभक्ती लागली की ग्रीकमध्ये 'स्टोइखादोस' होतं. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं एकत्र येत नाहीत, म्हणून पुढे एक स्वर लागला आणि 'उस्तूखूदूस' झालं. आपल्याकडे 'स्कूल'चं 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चं 'इस्टेशन' होतं ना, तसंच. वर्गात हे उदाहरण दिलं की मुलं हसतात आणि नियम मात्र कायमचा लक्षात ठेवतात.

पण अनुवादकाने ग्रीक शब्द तसाच का ठेवला? अरबी नाव का दिलं नाही? याची हकिगत दहाव्या शतकातल्या कुर्तुब्याच्या, म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबाच्या इब्न जुलजुल या हकिमाने लिहून ठेवली आहे. नवव्या शतकात खलिफा मुतवक्किलच्या काळात बगदादमध्ये डायोस्कोरिडीसचा अरबी अनुवाद झाला. अनुवाद करणारा इस्तिफान इब्न बसील आणि तो तपासणारा हुनैन इब्न इस्हाक. दोघेही ख्रिस्ती. इस्तिफानने एक सरळ नियम पाळला. ज्या वनस्पतीचं अरबी नाव खात्रीने ठाऊक होतं तिथे ते लिहिलं. जिथे खात्री नव्हती तिथे ग्रीक नाव अरबी लिपीत तसंच उतरवलं. पुढे कधीतरी अल्लाह एखादा जाणकार पाठवील आणि तो हे नाव उलगडील, या आशेवर.

मी हे वाचलं आणि माझ्या पाटीची मला लाज वाटली. खलिफाच्या पदरी असलेल्या अनुवादकाला 'मला हे ठाऊक नाही' असं ग्रंथात ठेवून द्यायला संकोच वाटला नाही. मी मात्र तालुक्याच्या शाळेत, कुणी विचारलं नसताना, दोन नावांमध्ये बरोबरचं चिन्ह काढून मोकळा झालो होतो.

इस्तिफानने सोडलेल्या जागा पुढची सुमारे शंभर वर्षं तशाच राहिल्या. मग इसवी सन 948-49 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने कुर्तुब्याच्या अब्दुर्रहमान तिसऱ्याला भेटी पाठवल्या. त्यांत डायोस्कोरिडीसच्या मूळ ग्रीक ग्रंथाची सुंदर सचित्र प्रत होती. सोबतच्या पत्रात बजावलेलं होतं की ग्रीक जाणणारा आणि औषधी ओळखणारा माणूस असेल तरच या ग्रंथाचा उपयोग आहे. कुर्तुब्यात तेव्हा ग्रीक वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून माणूस मागवला गेला आणि 951 च्या सुमारास निकोलस नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी तिथे पोहोचला.

त्याच्याभोवती एक मंडळच जमलं. हसदाई इब्न शप्रूत हा दरबारातला मातब्बर ज्यू हकीम त्यात सर्वांत पुढे होता. अबू अब्दुल्लाह नावाचे एक सिसिलीचे गृहस्थ होते, त्यांना ग्रीक बोलता येत असे. 'शज्जार', म्हणजे झाडांचा जाणकार, म्हणून ओळखला जाणारा मुहम्मद होता. आणखी काही मुस्लिम हकीम होते. हे सगळे ग्रीक नाव वाचायचे, चित्र पाहायचे आणि मग आपल्या मुलखात हे झाड कोणतं, त्याला लोक काय म्हणतात, हे ठरवायचे. इब्न जुलजुल तेव्हा लहान होता, पण मोठेपणी यांतल्या लोकांची त्याची गाठ पडली. तो लिहितो की थोड्या किरकोळ औषधी सोडल्या तर जवळजवळ सगळ्यांची ओळख या लोकांनी पटवली. त्या सुटलेल्या औषधींचाही उल्लेख तो करतो. सगळं झालं असं म्हणत नाही.

लोक अंदलूसचा इतिहास सांगताना राजवाडे आणि ग्रंथालयं सांगतात. मला विचाराल तर तीन धर्मांची माणसं एका पुस्तकाभोवती बसून एकेका रोपाचं नाव नक्की करताहेत, हे चित्र जास्त मोठं आहे. नाव चुकलं तर औषध चुकतं आणि ते रोग्याला भोगावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. तिथे कुणाची भाषा मोठी हा प्रश्नच नव्हता.

याच मातीत पुढे बागायतीवर लिहिणारी मोठी परंपरा झाली. अकराव्या शतकात तोलेदोमध्ये इब्न बस्साल तिथल्या राजाच्या बागेचं काम पाहत असे. 1085 मध्ये तोलेदो पडल्यावर तो सेव्हिलला गेला. त्याच्या पुस्तकाचं वैशिष्ट्य असं की तो कुणाचा हवाला देत नाही, स्वतः केलेलं तेवढं सांगतो. त्याने मातीचे दहा प्रकार सांगितले आहेत. बाराव्या शतकाच्या शेवटी सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम आला. त्याने उलट केलं. आधीच्या सगळ्यांची मतं दिली आणि मग आपण स्वतः सेव्हिलजवळच्या टेकाडांवर काय लावून पाहिलं ते सांगितलं. मालागाचा इब्न अल-बैतार याने उत्तर आफ्रिकेतून फिरत फिरत झाडं पाहिली आणि सुमारे 1,400 औषधी द्रव्यांचा कोश रचला. 1248 मध्ये तो दमास्कसला वारला.

अंदलूसच्या लोकांनी लॅव्हेंडरला अरबीतलं 'खुज़ामा' हे नावही वापरलं. स्पॅनिशमध्ये आजही लॅव्हेंडरला 'अल्हुसेमा' म्हणतात, तो हाच 'अल-खुज़ामा'. राज्य गेलं, माणसं हाकलली गेली, पण फुलाचं नाव तिथेच राहिलं. गंमत म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात आज ज्या जांभळ्या फुलाला खुज़ामा म्हणतात ते लॅव्हेंडर नाहीच. ते मोहरीच्या कुळातलं एक रानफूल आहे. 2021 मध्ये सौदी अरेबियाने पाहुण्यांच्या स्वागताचा लाल गालिचा बदलून जांभळा केला, तो या वाळवंटी बहराच्या रंगावरून. तेव्हा जगभरच्या बातम्यांत 'लॅव्हेंडर' असंच आलं. इथेही नाव एकाचं आणि फूल दुसऱ्याचं.

आपल्याकडे हे नाव युनानी हकिमांबरोबर आलं आणि इथे आल्यावर त्याला नवा सोबती मिळाला. हकिमांकडे 'इत्रिफल-ए-उस्तुखुद्दूस' मिळतं. इत्रिफल म्हणजे आपला त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा. संस्कृत शब्द फारसी-अरबीत गेला, इत्रिफल होऊन परत आला आणि ग्रीक बेटाच्या नावाला जोडला गेला. एका चाटणाच्या बरणीवर तीन संस्कृतींची नावं आहेत. पण बरणीवरचं नाव कितीही देखणं असलं तरी आत काय आहे हा अम्मीचा प्रश्न उरतोच. मूळ झाड इथे उगवत नाही, माल दुरून येतो, वाटेत एकाची जागा दुसरं घेतं आणि नाव मात्र जुनंच चालतं.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. नर्सरीवाल्याने दिलेलं झाड होतं तरी कोणतं? ते होतं लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया, ज्याला 'इंग्लिश लॅव्हेंडर' म्हणतात. तेही मूळचं इंग्लंडचं नाही. दक्षिण युरोपातल्या डोंगरांवरचं आहे. म्हणजे मी ज्याला उस्तुखुद्दूस म्हटलं ती त्याची सख्खी बहीण होती, पण तो नव्हता. आणि या दोघांचं हवा-पाणी वेगळं. 'लॅव्हेंडर' एवढ्या एका शब्दावर रोप विकत घेणं म्हणजे 'आंबा' एवढंच सांगून कलम मागण्यासारखं आहे. घरी लावायचं असेल तर निदान चार जाती ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, हीच अँगुस्टिफोलिया. पानं अरुंद, करडी-हिरवी, कडा सरळ. सर्वांत गोड वास हिचा. 'हिडकोट' आणि 'मन्स्टेड' हे तिचे नावाजलेले वाण. हिला हिवाळ्यात खरी थंडी लागते. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला शेतकरी लॅव्हेंडर पिकवतात ते या जातीचं आणि तिथे ते साधतं, कारण तिथे बर्फ पडतं. आपल्या दख्खनमध्ये ही जात पहिल्या पावसाळ्यातच हात टेकते. माझी पाच रोपं हीच.

दुसरी, लॅव्हेंडिन. ही अँगुस्टिफोलिया आणि रुंद पानांची लॅटिफोलिया यांचा संकर आहे. झाड मोठं होतं, तेल भरपूर देतं. फ्रान्सच्या शेतांत दिसणारा 'ग्रोसो' हा वाण यातलाच. संकर वांझ असल्याने त्याचं बी धरत नाही. म्हणून कुणी 'ग्रोसोचं बी' म्हणून पाकीट विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. हे फक्त फांदीपासून होतं.

तिसरी स्टोकास, म्हणजे आपला खरा उस्तुखुद्दूस. ओळखायला सर्वांत सोपी. कणीस आखूड, जाड आणि त्याच्या टोकावर सशाच्या कानांसारखी जांभळी पानं उभी असतात. स्पेनमध्ये हिला 'कान्तुएसो' म्हणतात. वास गोड कमी, कापराकडे झुकणारा जास्त. हिला चुनखडीची जमीन आवडत नाही. इतर बहिणींना थोडा चुना चालतो, हिला वाळूमिश्रित, किंचित आम्ल माती हवी. अँगुस्टिफोलियापेक्षा ती उकाडा बराच सोसते.

चौथी डेंटाटा. पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी, म्हणून हे नाव. वास सौम्य. पण उन्हाळा आणि दमट हवा ती इतरांपेक्षा बरी सोसते आणि थंडी कडक नसेल तिथे वर्षातला बराच काळ फुलते. गावाकडे किंवा शहरातल्या गच्चीवर पहिल्यांदा लॅव्हेंडर लावणाऱ्याने डेंटाटापासून सुरुवात करावी असा माझा सल्ला आहे. माझं जे सहावं रोप जगलं ते नीट पाहिलं तेव्हा त्याची पानं दातेरी निघाली. नर्सरीत ते चुकून त्या सहांत आलं असावं.

जात ठरली की पुढचं काम मातीचं. इब्न बस्साल मातीचे दहा प्रकार का मोजत बसला हे मला रोपं गेल्यावर कळलं. लॅव्हेंडर पाण्याने मरतं, तहानेने क्वचितच. आमच्या भागातली काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ती चांगली, याला ती कबर. कुंडी मातीचीच घ्यावी, प्लास्टिकची नको, कारण मातीची कुंडी स्वतः पाणी सोडते. मोठ्या रोपाला बारा इंची पुरते. तळाला भोक मोकळं हवं. अर्धी साधी तांबडी माती आणि अर्धी जाड वाळू किंवा विटेचा चुरा असं मिश्रण करावं. शेणखत मूठभर, जास्त नाही. खत जास्त झालं की पाला वाढतो, फूल येत नाही आणि वासही कमी होतो. हे झाड गरिबीत वाढलेलं आहे, त्याला लाड सोसत नाहीत.

ऊन दिवसाचे सहा तास तरी हवं. पाणी रोज नको. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तरच घालावं आणि ते बुडाशी घालावं, पानांवर नाही. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली किंवा गच्चीच्या छज्जाखाली सरकवावी, पण उजेड आणि वारा खेळता ठेवावा. दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवावं. शाळेत मी सहा रोपं शोभेसाठी एकाच वाफ्यात, काळ्या मातीत, खेटून आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर लावली होती. एकाच वेळी इतक्या चुका करायला सुद्धा शिक्षकच हवा.

फुलं ओसरली की झाड वरून तिसरा हिस्सा छाटावं, पण हिरवा भाग ठेवूनच. खाली जुन्या, पानं नसलेल्या लाकडात कात्री गेली तर तिथून बहुधा फुटत नाही. नवं रोप करायचं तर पाऊस पूर्ण गेल्यावर, नोव्हेंबरमध्ये, फूल नसलेली तीन-चार इंचांची फांदी घ्यावी. खालची पानं काढावीत आणि ओलसर वाळूत रोवावी. सावलीत ठेवलं तर महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. बियांपासून करण्यापेक्षा हे बरं, कारण फांदीचं रोप आईसारखंच येतं. निदान त्याच्या नावाबद्दल तरी शंका राहत नाही.

हे सगळं त्या वनस्पतिशास्त्राच्या स्नेह्यांशी बोलत होतो तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही फ्रान्स, स्पेन, बगदाद सगळं फिरून आलात. तुमच्या गावच्या डोंगरावरचं लॅव्हेंडर पाहिलंय का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ऑक्टोबरच्या एका रविवारी ते मला गावाबाहेरच्या उतारावर घेऊन गेले. पाऊस संपून गवत पिवळं व्हायला लागलं होतं. त्या गवतात गुडघ्याएवढं एक झुडूप उभं होतं. पानं पिसासारखी बारीक चिरलेली, वर सडपातळ कणसं आणि त्यांवर फिकट निळसर फुलं. मी हे लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेलं होतं. गुरं राखणारी मुलं त्याला घोडेघुई म्हणत. शास्त्रीय नाव लॅव्हेंडुला बायपिनाटा. अस्सल लॅव्हेंडरच्या वंशातलं, इथलंच, कुणी न आणलेलं. पान चुरगळलं तर वास हलकासा, आपल्या अत्तराच्या कल्पनेत बसेल असा नाही.

याचीच आणखी एक बहीण सह्याद्रीत आहे, लॅव्हेंडुला गिब्सोनाय. 1839 मध्ये मुंबईत छापलेल्या जॉन ग्रॅहमच्या वनस्पती-यादीत हे नाव पहिल्यांदा आलं. ग्रॅहम पोस्टखात्यातला अधिकारी होता. ज्याच्यावरून नाव दिलं तो अलेक्झांडर गिब्सन कंपनीचा डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा तो प्रमुख होता आणि आमच्या जुन्नरजवळच्या हिवऱ्यातही त्याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग होती. दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी नोंदवलं नाही. ज्यांनी गिब्सनला डोंगरावर नेऊन 'साहेब, हे पाहा' म्हटलं असेल त्यांचंही नाही. कुर्तुब्याच्या इब्न जुलजुलने निदान आपल्या मंडळींची नावं लिहून ठेवली.

त्या उतारावर उभं असताना मला माझ्या पाटीमागची खरी इच्छा कळली. मला मुलांना दाखवायचं होतं की हे झाड 'आपलं' आहे, आपल्या पुस्तकांत आहे. आपण परके नाही, आपलाही या जगाच्या ज्ञानात हिस्सा आहे, हे मुलांना सांगावंसं वाटणं चूक नाही. पण त्यासाठी मी एका परक्या झाडाला आपलं नाव चिकटवलं आणि दाराबाहेर उगवणाऱ्या आपल्या झाडाला कधी नावाने हाक मारली नाही. आपल्या बुजुर्गांचा मोठेपणा सांगायचा असेल तर त्यांची शिस्तही सांगावी लागेल. जे माहीत आहे ते लिहायचं आणि जे माहीत नाही त्याची जागा मोकळी सोडायची. ती शिस्त सोडून नुसती नावं घेतली तर त्यात त्यांचा सन्मान नाही.

यंदा बागेत तीन पाट्या आहेत. डेंटाटाच्या कुंडीपुढे 'दातेरी लॅव्हेंडर' असं मराठीत आणि उर्दूतही 'लॅव्हेंडर' एवढंच. दुसऱ्या कुंडीत घोडेघुई आहे. डोंगरावरून झाड उपटून आणायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मुलांनी सुकलेल्या कणसांतलं बी आणून पेरलं. तिच्या पाटीवर मराठी नाव आहे, उर्दूची ओळ रिकामी आहे. मुलं विचारतात, रिकामी का? मी त्यांना इस्तिफान इब्न बसीलची गोष्ट सांगतो. तिसऱ्या कुंडीवर 'उस्तुखुद्दूस' लिहिलं आहे आणि कुंडी अजून मोकळी आहे. सशाच्या कानांचं रोप स्वतः डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच आणीन.

अम्मीने पुडीचा जोशांदा बंद केला आहे. तिला मी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चष्म्याचा नंबर बदलायला सांगितला आणि रक्तदाब पाहिला. डोकेदुखी थोडी कमी आहे. जुनी पुडी तिने टाकलेली नाही, कपाटात ठेवली आहे. तिच्यावर अब्बांच्या हातचं उर्दू अक्षर आहे. मी त्या अक्षराखाली पेन्सिलीने 'प्रुनेला' असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अब ठीक है. दोनों रहने दे."